लावणीला गावी जाताय? ताप, साप, विंचू आणि विहिरीचं पाणी, कशाला किती वेळ हातात असतो

दरवर्षी जून उजाडला की आमच्या घरात एकच विषय, भाताच्या रोपांचा तरवा कधी पेरायचा, टिलर कोणाचा मिळतो आणि मुंबईहून लावणीला कोण कोण येतंय. मी लग्न होऊन कुडाळकडच्या गावात आले त्याला आता बरीच वर्षं झाली, ठाण्याला राहतो पण लावणीला आठ-दहा दिवस जातोच. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळली, पावसाळ्यात गावाकडे माणूस दगावतो तो बहुतेक वेळा औषध नाही म्हणून नाही तर उशीर झाला म्हणून. औषधं आहेत, बरीचशी सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, पण कुठल्या गोष्टीला किती वेळ हातात असतो हे माहीत नसतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सुरुवात आबांपासून करते, म्हणजे माझे चुलत सासरे. लावणी संपून आठवडा झाला आणि त्यांना ताप आला, अंग ठणकत होतं. घरात सगळ्यांचं एकच, "लावणेची अंगदुखी ती, चार दिवसान जातली". दुकानातून तापाची गोळी आणली, ताप उतरायचा, परत चढायचा. चौथ्या दिवशी मी चहा द्यायला गेले तर डोळे लालभडक, डोळे आल्यावर होतात तसे पण चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लाल. त्यांना उठवायला म्हणून पायाला हात लावला तर पोटरीवर बोटं टेकल्याबरोबर ओरडले, बाकी अंगाला हात लावला तर काही नाही, पोटऱ्याच. आणि सकाळपासून लघवी जेमतेम एकदा, ती पण कोऱ्या चहासारखी. तेव्हा गाडी काढली. लेप्टो निघाला, किडनीवर गेला होता, दोनदा डायलिसिस करावं लागलं, वाचले. आजही बांधावर बसून आम्हाला ओरडत असतात. पण ते मधले चार दिवस आम्ही घालवले, ते कोणाच्या दुसऱ्याच्या माथी मारता येत नाहीत.

तर लेप्टो म्हणजे काय ते आधी. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून चिखलात आणि साठलेल्या पाण्यात येतात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात, कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. माणसाच्या अंगात शिरतात ते कापलेल्या-खरचटलेल्या जागेतून, डोळ्यातून, नाका-तोंडातून. आता लावणीत पायाला खरचटलं नाही असा एक माणूस दाखवा. आणि चिखल्या! चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते ना, तीच यांची वाट.

सगळीकडे लिहिलेलं असतं की गमबूट घाला. ज्याने लिहिलंय त्याने चिखलणी केलेल्या कोपऱ्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, गमबूट घालून चार पावलं चालून दाखवावीत, बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. गमबूट गोठ्यात, पाणंदीत, पाणी भरलेल्या रस्त्यावर घाला, तिथे ते खरंच कामाचे आहेत, आणि गोठा धुताना तर अनवाणी जाऊच नका कारण गुरांच्या लघवीत आपण थेट उभे असतो. शेतात मात्र दुसरे उपाय करायचे. उतरण्याआधी पायाला, हाताला कुठे जखम आहे ती बघायची, वॉटरप्रूफ पट्टी लावायची, मोठी जखम असेल तर त्या माणसाने त्या दिवशी बांधावरची कामं करायची. जेवायला बांधावर बसलो की शेतातल्या किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) पाण्याने हात खंगाळून भाकरीला हात घालायचा नाही, घरून एक कॅन स्वच्छ पाणी आणि साबणाची वडी न्यायची. आणि घरी आल्यावर चहाच्या आधी पाय, साबणाने, आणि बोटांच्या मधे फडक्याने कोरडे करायचे. चिखल्या झाल्या असतील तर त्यांना औषध लावून लगेच बऱ्या करायच्या, "होतंच ते" म्हणून सोडायचं नाही.

लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीबद्दल खूप गोंधळ असतो. लावणीच्या दिवसात धोक्याच्या भागात मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम अशी ही गोळी दिली जाते, साधारण सहा आठवडे, आशा ताई घरी आणून देतात किंवा आरोग्य केंद्रात मिळते. पण आपल्या मनाने घेऊ नका, तिथे विचारूनच घ्या, गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध ठरवतात. घेताना पोटात काहीतरी असू दे, वर ग्लासभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर आतून जाळते, दोन दिवस घास गिळवत नाही. अजून एक कोणी सांगत नाही ते, लोहाच्या गोळीबरोबर किंवा दुधाबरोबर ही घेतली तर नीट लागू पडत नाही, आपल्याकडच्या बायका दोन्ही गोळ्या एकदमच तोंडात टाकतात, मधे दोन-तीन तास जाऊ द्या. आणि गोळी घेतली म्हणजे लेप्टो होणारच नाही असं अजिबात नाही, ताप आला की जायचंच.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि मुंबईकरांनी हा दोनदा वाचा. चिखलात उतरल्यावर ताप लगेच येत नाही. बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी दोन दिवसांनी तर कधी महिन्याभराने. म्हणजे लावणी करून तुम्ही डोंबिवलीला परत येता, कामाला लागता, आणि ताप येतो तेव्हा चिखल विसरलेला असतो. तिथला डॉक्टर डेंग्यू-मलेरिया बघणार, त्याची काय चूक, त्याला कुठे माहीत की तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी गुडघाभर चिखलात होतात. म्हणून दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हेच, "डॉक्टर, मी अमुक तारखेपर्यंत गावी भातशेतीत काम करत होते". एवढ्याने पुढची सगळी तपासणी बदलते. दुसरं असं की लेप्टोची रक्ताची नेहमीची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसात खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध चालू करतात, त्यावर वाद घालू नका, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मधेच गोळ्या बंद पण करू नका.

शहरात राहणाऱ्यांना वाटत असेल हे गावचं दुखणं, तर 26 जुलै 2005 आठवा, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. आजही पालिका दरवर्षी सांगते की पुराच्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. 

आणि काविळीची माळ. लेप्टोत डोळे पिवळे होतात, मग कोणीतरी सांगतं अमक्या गावात माळ घालतात, झाडपाला देतात, माळ वाढत जाते तशी कावीळ उतरते. कृपा करून पावसाळ्यात ताप येऊन कावीळ झालेल्या माणसाला तिकडे नेऊ नका. आधी सरकारी हॉस्पिटल, रक्त, लघवी. तीन दिवस माळेकडे बघत बसलो तर तेवढ्यात किडनी जाते, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

तापातच अजून दोन गोष्टी. स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, 2018 मध्ये नागपूरकडे याची मोठी साथ आली होती. यात चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पडते, दुखत नाही, आणि पडते ती काखेत, जांघेत, छातीच्या खाली, अशा जागी की माणूस स्वतःहून दाखवत नाही. तापाच्या माणसाचं सगळं अंग एकदा बघा, बाईमाणसाचं घरातल्या बाईने बघा, आणि अशी खपली दिसली तर डॉक्टरला लाज न बाळगता सांगा, औषध वेळेत मिळालं तर एक-दोन दिवसात ताप उतरतो. आणि दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्यातली सत्तरी इकडचे असाल तर माकडताप, तो पावसाळ्यात नाही, काजूच्या हंगामात, डिसेंबर ते मे मधे, जंगलातल्या गोचिडीमुळे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा, बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंगावर गोचीड आहे का ते बघा. इथेही डॉक्टरला सांगायचं तेच, कुठे होतात आणि कधी.

डेंग्यूबद्दल सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. तो डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घराभोवतीचं सगळं साठलेलं पाणी ओतायचं, भांडी घासून कोरडी करायची, नुसतं ओतून चालत नाही कारण अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने राहतात. कोकणात टायर आणि कुंड्यांच्या पुढे बघा, नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, रबराच्या चिकाच्या वाट्या, फ्रीजच्या मागचा ट्रे. ताप असताना पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी नको, ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. आणि डेंग्यूत फसगत होते ती ताप उतरल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, हातपाय गार, पेशंट चिडचिडा किंवा एकदम सुस्त असं चालू होतं, हे दिसलं तर तासाभरात हॉस्पिटल.

आता साप, इथे दिवस नाही, मिनिटं मोजायची. आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांमुळे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत फुरसं फार, कातळावर, चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत. बोटभर जाडीचं, हातभर लांब, आणि अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. लोक म्हणतात "एवढंसं तर होतं", पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यातून, जुन्या जखमेतून रक्त यायला लागतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते आणि तिच्या विषाने रक्ताबरोबर किडनी पण जाते. मला सगळ्यात भीती वाटते ती मण्यारीची. रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं कळतच नाही, दाताची खूण पण धड दिसत नाही. माणूस पहाटे उठतो ते पोटात दुखतंय म्हणून, मग पापण्या जड होतात, उघडल्या तरी मिटतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही. पहाटे पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड असं दोन्ही दिसलं तर अपचन समजून ओवा देऊ नका, गाडी काढा.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचायच्या, डास तर जातातच पण साप आणि विंचू पण आत येत नाही. लावणीला पाहुणे वाढले की पडवीत ओळीने चटया पडतात, तेव्हा तर नक्की. चुलीची लाकडं काढताना आधी काठीने हलवायची, हात घालायचा नाही, रात्री मागच्या दारी जाताना बॅटरी आणि पायात काहीतरी.

चावल्यावर काय करायचं. माणसाला बसवायचं किंवा आडवं करायचं, चालू द्यायचं नाही, पळू तर मुळीच नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढायचं कारण सूज आली की मग कापायलाच लागतात. हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा तो हात किंवा पाय स्थिर करायचा, सैलसर. करकचून दोरी बांधायची नाही, घोणस-फुरसं असेल तर त्या दोरीनेच पाय सडतो. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, कोंबडीचं पिल्लू लावायचं नाही. घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवायचं. 108 ला फोन करायचा आणि ती यायला वेळ आहे असं वाटलं तर जी गाडी दारात आहे ती, बाईकवर न्यायचं झालं तर मधे पेशंट आणि मागे धरायला तिसरा माणूस. साप मारून बरोबर न्यायची काही गरज नाही, आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन या चारही सापांना एकच असतं, मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो. आणि देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल, नारळ ठेवायचा असेल तर मी नको म्हणणार नाही, घरातला दुसरा माणूस जाऊ दे देवळात, चावलेला माणूस तोपर्यंत गाडीत बसलेला पाहिजे.

दवाखान्यात गेल्यावर एक होतं, डॉक्टर रक्त काढून काचेच्या नळीत ठेवतात आणि वीस मिनिटं बसतात. नातेवाईक भडकतात, माणूस इथे मरतोय आणि हे बघत बसलेत. पण ती तपासणीच आहे, वीस मिनिटात रक्त गोठलं नाही तर विष चढलंय हे त्यातून कळतं. काही त्रास दिसत नसला तरी चोवीस तास तिथेच राहायचं, घरी पळायचं नाही.

विंचवाचं वेगळं. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर पण जीव घेतो तो लाल लहान विंचू, तो पण जास्त करून मुलांचा. पूर्वी रायगड-रत्नागिरीत याने फार मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना या पेशंटच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे दाखवून दिलं, पूर्वी गंभीर पेशंटपैकी शंभरात चाळीसेक दगावायचे ते एकावर आलं. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचं ते हे की नुसती आग होतेय, मूल रडतंय, तर त्यात धोका कमी, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय बर्फासारखे गार, धाप, आणि उलट दुखणं कमी झाल्यासारखं, हे जास्त वाईट. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट बघूच नका. कांदा चोळत, मंत्र टाकत बसण्यात जो अर्धा तास जातो तोच खरा औषधाचा वेळ असतो.

पाण्याचं सांगते, पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीला लाल पाणी उतरतं ना, तेव्हा आजूबाजूचं सगळं, गोठ्याचं, संडासाच्या खड्ड्याचं, आत येतं. गावाच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडतं का ते ग्रामपंचायतीत विचारा, घरची विहीर असेल तर आपणच टाकायचं, चांगल्या पावडरचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि निदान तासभर कोणी पाणी काढायचं नाही. पावडरचा डबा उघडा पडला असेल, वास गेला असेल तर तिचा उपयोग शून्य. प्यायचं पाणी तरी उकळूनच, चांगलं खळखळ उकळी येऊन एक मिनिट. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले तेव्हाही बोट पाण्याकडेच गेलं होतं, आणि तो काय खेडेगावचा भाग नाही. जुलाब लागले तर ओआरएस, पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, मीठ जास्त नको. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवस पण घरी ठेवू नका, पाण्यातून येणारी एक कावीळ त्यांना फार जड जाते.

विजेचं दोन ओळीत. तुटलेली तार दिसली की ती मेली असेल असं धरायचंच नाही, लांब थांबायचं आणि लोकांना थांबवायचं, पत्र्याला तारेने कपड्यांची दोरी बांधायची नाही, मोटरला ओल्या हाताने हात नाही. आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलमध्ये टाका, गडगडायला लागलं की शेतातून घरात, झाडाखाली नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

आमच्या पडवीच्या खांबाला आबांच्या त्या आजारपणानंतर एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय. त्यावर जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सापाचं इंजेक्शन असतं त्याचा नंबर, दोन गाडीवाल्यांचे नंबर, रात्री फोन उचलणारे, आशा ताईंचा नंबर, आणि घरातल्या प्रत्येकाला चालू असलेल्या गोळ्या. जूनच्या सुरुवातीला एकजण दवाखान्यात फोन करून विचारतो, इंजेक्शन शिल्लक आहे का, नसेल तर पुढचं ठिकाण कुठलं, आणि कागदावर खाडाखोड करतो. ठाण्याला परत निघताना मी मोबाइलमध्ये चिखलात उतरल्याची शेवटची तारीख टाकून ठेवते आणि तिथून पुढे तीस दिवसांचा गजर लावते, त्या तीस दिवसात घरात कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं आहे.